कमिटी ‘हॅज’ की कमिटी ‘हॅव’? इंग्रजीतील समूहवाचक नामांचे क्रियापद कसे ठरवावे

गेल्या उन्हाळ्यात एका गृहनिर्माण संस्थेचे इंग्रजी इतिवृत्त तपासण्यासाठी माझ्याकडे आले होते. त्यातील एका वाक्यापाशी मी थांबले : ‘द मॅनेजिंग कमिटी हॅव टेकन थ्री डिसिजन्स अँड हॅज सबमिटेड अ रिपोर्ट.’ समिती एकच, वाक्यही एकच, आणि तरी आधी ‘हॅव’ व नंतर ‘हॅज’. लिहिणाऱ्या गृहस्थांची उभी हयात इंग्रजी पत्रव्यवहारात गेलेली होती, त्यामुळे ही चूक अज्ञानातून झालेली नव्हती. मी तेच वाक्य मराठीत म्हणून पाहिले, ‘समितीने तीन निर्णय घेतले आणि एक अहवाल सादर केला’, आणि चुकीचे मूळ सापडले. निर्णय तीन म्हणून ‘घेतले’, अहवाल एक म्हणून ‘केला’. मराठी क्रियापद ज्या शब्दाच्या मागे गेले, त्याच शब्दाच्या मागे त्यांचे इंग्रजी क्रियापदही गेले होते.

मराठी माणसाला इंग्रजीतील समूहवाचक नामे अडचणीची का वाटतात, याचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. ही नामे शिकवताना इंग्रजीचे नियम पाठ करून घेतले जातात, परंतु आपला कान कोणत्या सवयीने घडला आहे याकडे कोणी लक्ष वेधत नाही. ती सवय ओळखली की अर्धे काम होते, आणि उरलेल्या अर्ध्या कामात मराठीच आपल्याला मदत करते.

‘ने’ दिसला की सावध व्हावे

आपल्याकडे सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळते. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. ‘समितीने अहवाल दिला’, ‘समितीने सूचना दिल्या’, ‘समितीने आश्वासन दिले’ या तिन्ही वाक्यांत समिती तीच आहे, क्रियापदाचे रूप मात्र दर वेळी निराळे आहे. ‘समितीने सदस्यांना बोलावले’ या भावे प्रयोगात तर क्रियापद कर्त्याशीही जुळत नाही आणि कर्माशीही जुळत नाही. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘द कमिटी हॅज’ असेच लिहावे लागते, कारण इंग्रजी क्रियापद, काळ कोणताही असो, कर्त्याशीच बांधलेले असते. निर्णय तीन असोत वा तीनशे, त्यांच्या संख्येचा ‘हॅज’ किंवा ‘हॅव’शी काहीही संबंध नसतो.

यावर उपाय सोपा आहे. मनात आलेल्या मराठी वाक्यात ‘ने’ असेल, तर ते वाक्य एकदा वर्तमानकाळात म्हणून पाहावे : ‘समिती तीन निर्णय घेते’, ‘समिती सूचना देते’, ‘समिती सदस्यांना बोलावते’. आता मराठी क्रियापदही कर्त्याकडे वळलेले असते आणि समिती एकवचनी आहे हे कानाला स्वच्छ ऐकू येते. इंग्रजी वाक्य त्यानंतर लिहावे.

नवशिक्यांसाठी आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवते. इंग्रजीत नामाला ‘स’ लागला की ते अनेकवचनी होते, परंतु वर्तमानकाळी क्रियापदाला ‘स’ लागतो तो कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असताना. म्हणून ‘द टीम प्लेज’ आणि ‘द टीम्स प्ले’. हा ‘स’ साधारणपणे दोघांपैकी एकाच्याच वाट्याला येतो, एवढे लक्षात ठेवले तरी बऱ्याच चुका टळतात.

‘आपला’ आणि ‘आपापला’

टीम, कमिटी, फॅमिली, ज्यूरी, क्रू, क्लास, ऑडियन्स, स्टाफ, बोर्ड, गव्हर्नमेंट ही नामे रूपाने एकवचनी आहेत आणि त्यांच्या पोटात माणसे अनेक आहेत. इंग्रजी व्याकरण येथे लेखकाला एकच प्रश्न विचारते : वाक्यातील क्रिया सगळा समूह मिळून करतो आहे, की समूहातील माणसे वेगवेगळी करत आहेत? समूह एक होऊन वागत असेल तर एकवचन, माणसे वेगळी वागत असतील तर अनेकवचन. नियम म्हणून हे सर्वांना ठाऊक असते. अडचण येते ती समोरच्या वाक्यात काय चालले आहे हे ओळखताना, आणि तेथे मराठीतील एक शब्द फार उपयोगी पडतो. तो शब्द म्हणजे ‘आपापला’.

‘आपला’ आणि ‘आपापला’ यांतील फरक मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच कळलेला असतो. ‘मुलांनी आपला डबा खाल्ला’ म्हटले तर डबा एकच असू शकतो, पण ‘मुलांनी आपापला डबा खाल्ला’ म्हटले की जितकी मुले तितके डबे डोळ्यांसमोर येतात. इंग्रजीत या अर्थासाठी असा एकटा, सहज येणारा शब्द नाही. इंग्रजी तो फरक ‘इट्स’ आणि ‘देअर’ यांतून, आणि त्यांच्याबरोबर बदलणाऱ्या क्रियापदातून दाखवते. म्हणून आपले वाक्य मराठीत म्हणावे आणि त्यात ‘आपापला’, ‘एकमेकांशी’ किंवा ‘आपसांत’ यांपैकी एखादा शब्द सहज बसतो का हे पाहावे. बसत असेल तर इंग्रजीत अनेकवचन शोभते. त्याऐवजी ‘आपला’, ‘एकमताने’ किंवा ‘मिळून’ बसत असेल तर एकवचन लिहावे.

‘समितीने आपला अहवाल दिला’ या वाक्यातील अहवाल सगळ्या समितीचा आहे, म्हणून ‘द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट’. ‘समितीतील लोकांनी आपापली मते मांडली’ या वाक्यात प्रत्येकाचे मत वेगळे आहे, म्हणून ‘द कमिटी हॅव एक्स्प्रेस्ड देअर ओपिनियन्स’. येथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. दुसरे वाक्य मराठीत म्हणताना ‘समितीने’ऐवजी ‘समितीतील लोकांनी’ असे शब्द आपोआप तोंडी आले. मराठी माणूस समूहाच्या आतील माणसांविषयी बोलायचे झाले की समूहाचे नाव मागे ठेवून माणसांना पुढे आणतो. कुटुंब पुण्यात राहते, पण जेवणे झाल्यावर घरातील माणसे आपापल्या खोलीत जातात. ‘कुटुंब आपापल्या खोलीत गेले’ असे कोणी म्हणणार नाही. वाक्य मराठीत करताना समूहाच्या नावापुढे ‘तील लोक’ किंवा ‘मधली माणसे’ जोडावे लागले, तर ती अनेकवचनाची दुसरी खूण समजावी.

या विषयाच्या उदाहरणांत ज्यूरी (खटला ऐकून कौल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) हा शब्द नेहमी येतो, आणि आजच्या विद्यार्थ्याला तो परका वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या फौजदारी न्यायालयांत आता ज्यूरी बसत नाही. परंतु तो समजून घेण्यासाठी मुंबईतीलच एक खटला उत्तम आहे. १९५९ मध्ये नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्यावरील खुनाचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीसमोर चालला. ज्यूरीत नऊ जण होते. आठ जणांनी आरोपी निर्दोष असल्याचे मत दिले, एकाचे मत त्याविरुद्ध गेले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीपुढील खटल्यांना जागा राहिली नाही. व्याकरणाच्या दृष्टीने या खटल्यात दोन्ही वाक्ये खरी ठरतात. न्यायालयापुढे आलेला कौल एक होता आणि तो नऊ जणांच्या वतीने आला, म्हणून ‘द ज्यूरी हॅज रिटर्न्ड इट्स व्हर्डिक्ट’. त्याच वेळी आठ जण एकीकडे आणि एक जण दुसरीकडे होता, म्हणून ‘द ज्यूरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. तेच नऊ लोक, तोच खटला, तरीही पहिल्या वाक्यात आपण त्यांच्याकडे एक संस्था म्हणून पाहिले आणि दुसऱ्यात नऊ माणसे म्हणून. क्रियापद ठरते ते या पाहण्यावरून. ज्यूरी हा शब्द स्वतः एकवचनी की अनेकवचनी, असा प्रश्न घेऊन बसल्यास उत्तर कधीच मिळत नाही.

काही क्रियापदे तर हा निर्णय आपल्यासाठी आधीच घेऊन ठेवतात. समिती नेमली जाते, बरखास्त होते, अमुक इतक्या सदस्यांची बनलेली असते. या सगळ्या गोष्टी फक्त संपूर्ण समितीच्याच बाबतीत घडू शकतात. एकटा सदस्य सात सदस्यांचा बनलेला नसतो. म्हणून ‘द कमिटी कन्सिस्ट्स ऑफ सेव्हन मेंबर्स’ या वाक्यात पुढे सात माणसे उभी असली तरी क्रियापद एकवचनीच राहते. याउलट भांडणे, मतभेद होणे, जागेवर जाऊन बसणे या क्रिया माणसांच्या आहेत, आणि तेथे अनेकवचन स्वाभाविक वाटते. नामाच्या आधी ‘अ’, ‘धिस’, ‘ईच’ किंवा ‘एव्हरी’ आला असेल तर विचार करत बसू नये, एकवचन लिहून पुढे जावे : ‘एव्हरी टीम हॅज अ कॅप्टन’.

लंडनचे पत्र, न्यूयॉर्कचे पत्र आणि वानखेडेवरचा सामना

वर सांगितलेली निवड सगळ्या इंग्रजीभाषकांना सारख्या प्रमाणात उपलब्ध नाही, ही गोष्ट व्याकरणाच्या तासाला क्वचित सांगितली जाते. ब्रिटिश लेखक ‘द गव्हर्नमेंट इज’ आणि ‘द गव्हर्नमेंट आर’ असे दोन्ही लिहितो आणि दोन्ही शुद्ध मानतो. अमेरिकी लेखक जवळजवळ नेहमीच एकवचन वापरतो, अगदी मतभेदाच्या वाक्यातही त्याला ‘द ज्यूरी वॉज डिव्हायडेड’ हेच बरोबर वाटते, आणि माणसांवर भर द्यायचा असेल तेव्हा तो ‘द मेंबर्स ऑफ द ज्यूरी’ असे सरळ म्हणतो. ‘द स्टाफ आर’ हे लंडनमध्ये रोजचे वाक्य आहे, न्यूयॉर्कच्या वाचकाला मात्र ते खटकते. म्हणून पुण्यातील कचेरीत बसून अमेरिकी ग्राहकाला पत्र लिहिणाऱ्याने समूहवाचक नामांना डोळे मिटून एकवचन लावावे. ब्रिटिश ग्राहकाला लिहितानाही संस्थेविषयी बोलताना एकवचन लिहिल्यास कोणी चूक काढणार नाही. एकवचन हा दोन्हीकडे चालणारा मार्ग आहे, आणि शंका असेल तेव्हा मी तोच सुचवते.

आपल्या देशातील इंग्रजीची मुळे ब्रिटिश वळणाची, पण रोजच्या कामात आपण सरकार, मंडळ, कंपनी यांना एकवचनच लावतो. अपवाद आहे तो क्रिकेटचा. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर भारताने श्रीलंकेच्या २७४ धावांचा पाठलाग करून सहा गडी राखून विश्वचषक जिंकला. क्रीडापानाच्या वळणाने हे सांगायचे तर ‘इंडिया हॅव बीटन श्रीलंका बाय सिक्स विकेट्स’ असे लिहितात. येथे ‘इंडिया’ म्हणजे अकरा खेळाडू. त्याच वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मात्र ‘इंडिया हॅज साइन्ड अ ट्रीटी’ असे येते, कारण तेथे ‘इंडिया’ म्हणजे देश. एकाच अंकात ‘इंडिया हॅव’ आणि ‘इंडिया हॅज’ दिसले म्हणजे संपादक चुकले असे समजू नये. अमेरिकी वाचक मात्र दोन्हीकडे ‘हॅज’ लिहिण्याकडे झुकतो.

देशाच्या नावावरून आठवले म्हणून सांगते. अमेरिकेच्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना ‘युनायटेड स्टेट्स’साठी ‘देम’ आणि ‘देअर’ ही अनेकवचनी सर्वनामे वापरली आहेत, आणि १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीतही ‘देअर’ हाच शब्द आहे. आज कोणीही अमेरिकी माणूस ‘द युनायटेड स्टेट्स आर’ असे लिहीत नाही, ‘इज’ लिहितो. राज्यांचा समूह लोकांच्या मनात एक राष्ट्र झाला तसे त्याचे क्रियापदही बदलत गेले.

जे शब्द निवड देत नाहीत

काही शब्दांच्या बाबतीत पाहण्याचा दृष्टिकोन वगैरे काही नसतो, ते सरळ लक्षात ठेवावे लागतात. ‘पोलीस’ हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा. इंग्रजीत तो अनेकवचनी आहे : ‘द पोलीस हॅव अरेस्टेड टू मेन’. गंमत अशी की मराठीतही दलाविषयी बोलताना आपण ‘पोलीस आले’, ‘पोलीस चौकशी करत आहेत’ असेच म्हणतो, म्हणजे येथे मराठी कान अगदी बरोबर आहे. पण ‘पोलिसांनी दोघांना अटक केली’ या वाक्यातील ‘केली’ हे एकवचनी रूप मनात घोळत राहते आणि हातून ‘द पोलीस हॅज’ लिहिले जाते. पुन्हा तोच ‘ने’चा आणि ‘नी’चा परिणाम. ‘पोलीस अटक करतात’ असे म्हणून पाहावे, शंका राहत नाही. एकट्या शिपायासाठी मराठीत ‘एक पोलीस’ चालते, इंग्रजीत ‘अ पोलीस’ चालत नाही. तेथे ‘अ पोलीस ऑफिसर’ किंवा ‘अ कॉन्स्टेबल’ लिहावे. ‘पीपल’ आणि ‘कॅटल’ हेही अनेकवचनी आहेत, आणि मराठीत ‘लोक म्हणतात’, ‘गुरे चरतात’ असेच असल्यामुळे ते सहसा चुकत नाहीत.

दुसऱ्या टोकाला ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’ हे शब्द आहेत. त्यांत वस्तू अनेक असल्या तरी इंग्रजी त्यांना पाण्यासारखे किंवा पिठासारखे मोजते, म्हणून क्रियापद कायम एकवचनी आणि ‘फर्निचर्स’ असे रूपही नाही. ‘स्टाफ’चे ‘स्टाफ्स’ करणेही आपल्याकडे फार आढळते. एका कचेरीतील कर्मचाऱ्यांसाठी ‘स्टाफ’ एवढेच पुरते, आणि माणसे मोजायची असतील तर ‘ट्वेल्व्ह स्टाफ मेंबर्स’ लिहावे.

मराठीतही असा डळमळणारा एक शब्द आहे, तो म्हणजे ‘मंडळी’. ‘मंडळी जेवायला बसली आहे’ आणि ‘मंडळी जेवायला बसली आहेत’ ही दोन्ही वाक्ये मी घरात ऐकत आले आहे. पहिल्यात पंगत दिसते, दुसऱ्यात पंगतीतील माणसे. ब्रिटिश माणसाच्या मनात ‘फॅमिली इज’ आणि ‘फॅमिली आर’ यांत जे होते, ते याहून फार वेगळे नाही. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देते, कारण त्यानंतर इंग्रजीची ही लकब त्यांना परकी वाटत नाही.

किल्ल्यांचा जुडगा आणि विद्यार्थ्यांची संख्या

शाळेत आपण समूहदर्शक शब्द पाठ केलेले असतात : किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, लाकडांची मोळी, पक्ष्यांचा थवा. मराठीत ‘किल्ल्यांचा जुडगा हरवला’ असे म्हणताना क्रियापद जुडग्याशी जुळते, किल्ल्यांशी जुळत नाही, आणि त्यात कोणाची चूक होत नाही. इंग्रजीतही तसेच आहे : ‘अ बंच ऑफ कीज वॉज लॉस्ट’. तरीही इंग्रजीत चूक होते, कारण शब्दांचा क्रम उलटतो. मराठीत ‘किल्ल्यांचा’ आधी येतो आणि ‘जुडगा’ क्रियापदाच्या जवळ राहतो. इंग्रजीत ‘बंच’ आधी येऊन ‘कीज’ क्रियापदाला चिकटतो, आणि जवळ असलेला अनेकवचनी शब्द हाताला ओढतो. उपाय म्हणून ‘ऑफ’पासूनचा भाग बोटाने झाकावा आणि उरलेले वाक्य वाचावे. ‘अलाँग विथ’ किंवा ‘टुगेदर विथ’ने जोडलेला भागही असाच झाकावा : ‘द टीम, अलाँग विथ टू कोचेस, हॅज लेफ्ट फॉर नागपूर’.

मात्र बोटाने झाकण्याची ही युक्ती ‘नंबर’ या शब्दापाशी फसते. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट’ आणि ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज इन्क्रीझिंग’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. येथे पाठांतर करण्याऐवजी मराठी अर्थ घ्यावा. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘बरेच’ : बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत. वाक्य विद्यार्थ्यांविषयी आहे, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ’ म्हणजे ‘संख्या’ : विद्यार्थ्यांची संख्या वाढत आहे. वाक्य संख्येविषयी आहे, म्हणून ‘इज’. ‘अ लॉट ऑफ’ हाही ‘पुष्कळ’ या अर्थाचा असल्यामुळे पुढच्या नामाप्रमाणे वागतो. ‘मेजॉरिटी’चेही बहुतांशी तसेच आहे. ‘बहुतेक मतदार’ या अर्थाने ‘द मेजॉरिटी ऑफ व्होटर्स वेअर प्रेझेंट’, आणि ‘बहुमत’ या अर्थाने ‘द मेजॉरिटी हॅज डिसायडेड’.

एकदा ठरवले की शेवटपर्यंत निभवावे

औपचारिक लेखनात खरी अपेक्षा सुसंगतीची असते. क्रियापद एकवचनी घेतले की सर्वनामही ‘इट’ आणि ‘इट्स’ घ्यावे, आणि क्रियापद अनेकवचनी असेल तर ‘दे’ आणि ‘देअर’. ‘द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ असे बोलण्यात सर्रास ऐकू येते, पण अहवालात, अर्जात किंवा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते टाळावे. जोडणारा शब्दही त्याच हिशेबाने येतो : ‘द फॅमिली विच ओन्स द मिल’ आणि ‘द फॅमिली हू ओन द मिल’. परीक्षेतील प्रश्नात क्रियापदाची जागा रिकामी असेल, तर वाक्यात पुढे ‘इट्स’ आहे की ‘देअर’ हे आधी शोधावे, कारण उत्तराची खूण बहुधा तेथेच असते.

निवड करणे अवघड वाटत असेल तर वाक्याची रचनाच बदलता येते, आणि अनुभवी लेखकही तसे करतात. इंग्रजी साध्या भूतकाळात ‘वॉज’ आणि ‘वेअर’ वगळता क्रियापदाला वचन नसतेच. ‘द कमिटी डिसायडेड’ लिहिले की ‘हॅज’ की ‘हॅव’ हा प्रश्न उरत नाही. ‘विल’, ‘शॅल’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्यापुढेही वचन दिसत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ७५(३) मध्ये मंत्रिपरिषदेची सामूहिक जबाबदारी सांगणारे वाक्य ‘द कौन्सिल ऑफ मिनिस्टर्स शॅल बी कलेक्टिव्हली रिस्पॉन्सिबल’ असे आहे. मंत्री अनेक, परिषद एक, आणि ‘शॅल बी’ या क्रियापदात वचनाचा प्रश्नच नाही. माणसांवर भर द्यायचा असेल तर ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी’ असे लिहून ‘हॅव’ वापरावे, जगातील कोणत्याही इंग्रजी वाचकाला ते बरोबरच वाटेल.

हे सगळे प्रत्यक्ष कसे वापरायचे ते दाखवण्यासाठी इतिवृत्तात येऊ शकेल असा एक छोटा परिच्छेद घेते. त्यातील चुका मी मुद्दाम एकत्र केल्या आहेत : ‘द बोर्ड हॅव मेट ऑन संडे. इट कन्सिस्ट ऑफ नाइन मेंबर्स. अ नंबर ऑफ मेंबर्स वॉज ॲब्सेंट. द स्टाफ हॅज गिव्हन देअर सजेशन्स. अ बंडल ऑफ ओल्ड बिल्स वेअर मिसिंग. द पोलीस हॅज बीन इन्फॉर्म्ड.’

पहिल्या वाक्यात मंडळाची बैठक विशिष्ट दिवशी झाली आहे, म्हणून साधा भूतकाळच हवा : ‘द बोर्ड मेट ऑन संडे’, काळ दुरुस्त होताच वचनाचा प्रश्नही मिटला. दुसऱ्यात नऊ सदस्यांचे बनलेले असणे ही गोष्ट सगळ्या मंडळाची आहे, आणि कर्ता ‘इट’ आहे, म्हणून ‘इट कन्सिस्ट्स’. तिसऱ्यात ‘बरेच सदस्य’ असा अर्थ आहे, म्हणून ‘अ नंबर ऑफ मेंबर्स वेअर ॲब्सेंट’. चौथ्या वाक्यापाशी थोडे थांबावे लागते. कर्मचाऱ्यांनी मिळून एक निवेदन दिले असेल तर ‘द स्टाफ हॅज गिव्हन इट्स सजेशन्स’; प्रत्येकाने आपापल्या सूचना दिल्या असतील तर ‘द स्टाफ हॅव गिव्हन देअर सजेशन्स’, आणि वाचक अमेरिकी असेल तर ‘द स्टाफ मेंबर्स हॅव’. नेमके काय घडले हे इतिवृत्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते, तपासणाऱ्याने ते गृहीत धरू नये, विचारून घ्यावे. पाचव्यात ‘ऑफ ओल्ड बिल्स’ झाकले की उरतो तो एक गठ्ठा, आणि मराठीतही ‘बिलांचा गठ्ठा गहाळ होता’ असेच आपण म्हणू, म्हणून ‘अ बंडल ऑफ ओल्ड बिल्स वॉज मिसिंग’. शेवटचे वाक्य मराठीत ‘पोलिसांना कळवले आहे’ असे होते, तेथे ‘कळवले आहे’ पोलिसांशी जुळत नाही आणि म्हणून काहीच सुचवत नाही. इंग्रजीत मात्र पोलीस हाच कर्ता झाला आहे, म्हणून ‘द पोलीस हॅव बीन इन्फॉर्म्ड’.